तीन रकाने, एकच बातमी



२०१७ सालचा पावसाळा संपता संपता विदर्भातल्या वर्तमानपत्रांत तीन बातम्या एकाच सुमारास छापून येत होत्या. पहिली यवतमाळची. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात भरती होत होते. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. दुसरी साऱ्या कापूसपट्ट्याची. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली होती. वरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस निघत होता. तिसरी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातली. ब्रह्मपुरीच्या जंगलात पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरच्या जंगलात आणून सोडलेली वाघीण तिथे थांबली नाही. ती शेकडो किलोमीटर हिंडली, तिच्या हल्ल्यांत माणसे मेली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, तो आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. आणि बंदूक पोचण्याआधीच १४ ऑक्टोबर २०१७ रोजी सिंदीविहिरी शिवारात, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने तिचा जीव घेतला. यातली पहिली बातमी आरोग्याच्या रकान्यात बसते, दुसरी शेतीच्या, तिसरी वन्यजीवांच्या आणि पुढे अटक झाली की गुन्ह्यांच्या. मला आज एवढेच मांडायचे आहे की या तीन बातम्या नव्हत्या, ती एकच बातमी होती. ती एक आहे हे ओळखण्याची सगळ्यात जास्त पात्रता असलेला माणूस आपल्या तालुक्याच्या गावी बसलेला असतो. आणि गावपातळीवरच्या पत्रकाराने पर्यावरण पत्रकार कसे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्या तीन रकान्यांना जोडणाऱ्या धाग्यात आहे.

तो धागा जरा जवळून पाहू. कपाशीचे पीक खरे तर थंडीत आटोपायचे. पण हातात पैसा नसला की कास्तकार फरदड घेतो, म्हणजे त्याच पऱ्हाटीला आणखी एक-दोन पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवतो. अंगावर कर्ज असताना त्या शेवटच्या चार-दोन क्विंटलचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण बोंडअळीला त्यामुळे वर्षभराचे अन्न मिळते आणि पुढच्या हंगामात ती ताकदीने परतते. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट मिळत असे. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ती सरकी शेताच्या कडेने पेरायची होती. हातभर जमिनीच्या मालकाला ती कडेची ओळ परवडत नव्हती, आणि ती का पेरायची हे त्याला नीट सांगायला सहसा कोणी आले नाही. २००२ साली भारतात आलेल्या बीटी कपाशीने सुरुवातीला बोंडअळी रोखली. दीड दशकानंतर अळी जिंकली आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. डोक्याएवढ्या उंच, दाट पऱ्हाटीत, दमट हवेत, दोन-तीन औषधे एकत्र कालवून, तोंडाला फार तर दुपट्टा बांधून फवारणारा माणूस ते विष श्वासातून आणि कातडीतून आत घेत होता. आता ज्या पिकात बियाणे, खत, औषध आणि उसनवारी असा सगळा पैसा गाडला गेला आहे, ते पीक रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत आडवे करतो, रोही, म्हणजे नीलगाई, येऊन शेंडे खाऊन जातात. मग जागलीला जावे लागते. थ्री फेज वीज पाळीपाळीने रात्रीची येते, म्हणून ओलितालाही रात्रीच जावे लागते. कुंपणाला नुसता सौम्य धक्का देणारे झटका मशीन घ्यायला पैसे नसलेला, रोजच्या जागलीने थकलेला माणूस एखाद्या रात्री कुंपणाच्या तारेत सरळ लाइनवरचा करंट सोडतो. तो वाघासाठी सोडत नाही. वाघ त्या तारेत सापडतो, कधी शेजाऱ्याची गाय सापडते, कधी शेजारीच सापडतो.

ही साखळी मांडली की कुणाला गुन्ह्याचे समर्थन केल्यासारखे वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो: कुंपणात उघडा वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण बातमीचे काम गुन्हा नोंदवून संपत नाही. वन्यजीवांवर लिहिणाऱ्या शहरातल्या पत्रकाराला वाघाचे भ्रमणमार्ग ठाऊक असतात. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरचे क्षेत्र तेव्हा अवघे १३८ चौरस किलोमीटर होते आणि तो देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प ठरला, म्हणजे तिथला तरुण वाघ बाहेर पडणारच, हे तो सांगू शकतो. शेतीवर लिहिणाऱ्याला बोंडअळीचे जीवनचक्र माहीत असते. आरोग्यावर लिहिणारा डॉक्टरांना विचारून कोणत्या औषधाने काय होते ते सांगतो. तालुका वार्ताहराला यातले एकही इतक्या खोलात येत नसेल. पण आठवड्याभरात तो बाजार समितीत जातो, ग्रामीण रुग्णालयात जातो, पोलीस स्टेशनात जातो, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला फोन करतो, आणि बहुधा त्याचे स्वतःचे किंवा भावाचे वावर असतेच. औषध विकणारा कृषी केंद्रवाला, फवारणीला जाणारा मजूर आणि रात्री जागलीला बसणारा कास्तकार ही तिन्ही माणसे त्याच्या ओळखीची असतात; पुष्कळदा शेवटची दोन एकच असतात. तुकडे जोडण्याची जागा त्याच्यापाशी आहे. तो ते जोडत नाही, कारण त्याच्याकडून तीन स्वतंत्र, दीडशे शब्दांच्या बातम्या मागितल्या जातात.

हा मार्ग कुणीतरी चालून दाखवला आहे, म्हणून मी तो कल्पनेने सांगत नाही. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांचे लेखन क्रमाने पाहा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या हा त्यांच्या वार्तांकनाचा गाभा. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचे आयुष्य त्यांनी ‘रामराव’ या २०२१ साली आलेल्या इंग्रजी पुस्तकात मांडले. त्याच दरम्यान ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’साठी लिहिताना त्यांनी २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेचा माग काढला, नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारल्या गेलेल्या टी-१ वाघिणीच्या दहशतीत राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांनी काढलेले दिवस लिहिले, बदलत्या हवामानाबद्दल लिहिले. वरवर पाहणाऱ्याला हे विषयांतर वाटेल: शेतीचा पत्रकार वाघाकडे कसा वळला? मला यात वळण दिसत नाही. गावे तीच, पीक तेच, विचारला जाणारा प्रश्नही तोच: हा माणूस जगणार कसा? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करणारा आधी सावकाराच्या दारात पोचतो, मग बियाण्याच्या पाकिटापाशी, मग फवारणी पंपापाशी, मग जंगलाच्या काठावर. तो पर्यावरणाकडे गेलेला नाही. तो शेतीच्या बातमीच्या बुडाशी गेला आणि तिथे पर्यावरण होते.

याच्या उलट काय होते तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २००५-०६ च्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला आणि देशभरची माध्यमे तिथे पोचली. २००६ च्या जून-जुलैत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले, आपल्या वायफडला त्यांनी शेतकऱ्यांची भेट घेतली, आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या काळातल्या वार्तांकनाचे ऋण मी मानतो. ते झाले नसते तर कोणी आलेच नसते. पण त्या वार्तांकनाची मापे प्रामुख्याने तीन होती: किती मेले, किती कर्ज होते, किती मदत मिळाली. कोरडवाहू काळ्या मातीतली सेंद्रिय द्रव्ये कुठे गेली, ज्वारी आणि तुरीची जागा एकट्या कपाशीने आणि पुढे सोयाबीनने घेतल्यावर जनावरांच्या कडब्याचे काय झाले, कडबा गेला म्हणून जनावर गेले आणि जनावर गेले म्हणून शेणखत गेले, ही साखळी क्वचितच छापली गेली. गवळाऊ ही आपल्या आर्वी, आष्टी, कारंजाच्या टेकड्यांतली गाय. अंगाने हलकी, पांढरी, उंचसखल रानात चपळ. ती सांभाळणारा नंद गवळी समाज जंगलातल्या चराईवर जगत आला, आणि जंगल राखीव होत गेले तशी त्याची चराई आकसली. एखादे गाव विकायला निघते त्याच्या कितीतरी आधी त्या गावातले गोठे रिकामे झालेले असतात. गोठ्यांची ही बातमी रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ती बातमी वाटली नाही, कारण ती बातमी असते असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

वर्ध्याच्या मातीत मात्र गावातल्या साध्या गोष्टी बातमी मानण्याचे उदाहरण फार जुने आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचे ठाणे झाले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा शिक्षणाने हिशेबतपासनीस. लंडनला त्या विषयात तयार झालेले, पुढे कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले. गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याची पाहणी करायला लावली आणि हिशेब तपासणारा माणूस गावाचा हिशेब तपासू लागला. मगनवाडीहून निघणाऱ्या ‘ग्राम उद्योग पत्रिके’चे त्यांनी संपादन केले. त्या पत्रिकेचे विषय साधे होते: घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाश्या, सोनखत, हातकागद. या साध्या विषयांवर महिन्यामागून महिने लिहिता लिहिता हा माणूस कुठे पोचला, तर जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकापर्यंत, ज्याला गांधीजींनी १९४५ साली प्रस्तावना लिहिली. निसर्गातली काही संपत्ती साठ्यासारखी आहे, उपसली की संपते. काही प्रवाहासारखी आहे, जपून वापरली तर वाहत राहते. कोणत्या संपत्तीवर आपण जगतो यावर समाज टिकणार की नाही हे ठरते, ही कुमारप्पांची मांडणी जगात पर्यावरणाची चळवळ म्हणून काही उभे राहण्याच्या कितीतरी आधीची आहे. रासायनिक खतांबद्दल त्यांनी तेव्हाच धोक्याचा इशारा दिला होता. कुमारप्पा आज पर्यावरणीय अर्थशास्त्राचे पूर्वसूरी म्हणून ओळखले जातात. मला ते त्याआधी ग्रामीण नियतकालिकाचे संपादक म्हणून आठवतात, आणि पहिली ओळख दुसरीतूनच आली असे मी मानतो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही तिथेच उभे आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने तिथला घाणा आणि चरखा वस्तू म्हणून पाहू नये. वार्तांकनाचा विषय म्हणून पाहावा.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप ज्ञानाचा. प्रदूषण, हवामान, परिसंस्था हे विज्ञानाचे विषय. तालुक्याचा वार्ताहर बहुधा कला शाखेचा पदवीधर, त्याला हे कसे झेपावे? या आक्षेपाला भोपाळने दिलेले उत्तर अजून कोणाला खोडता आलेले नाही. राजकुमार केसवानी हे तिथल्या ‘रपट’ नावाच्या लहानशा साप्ताहिकाचे पत्रकार. १९८१ च्या अखेरीस युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीनच्या गळतीने त्यांच्या ओळखीचा एक कामगार दगावला. तिथून त्यांनी शोध सुरू केला. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी पुस्तके वाचली, कामगारांशी बोलले, कंपनीच्याच १९८२ च्या सुरक्षा तपासणीचा अहवाल मिळवला, आणि १९८२ पासून शहराला धोक्याची सूचना देणारे लेख लिहिले. कोणी लक्ष दिले नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झाले ते जगाला माहीत आहे. मोठ्या वर्तमानपत्रांकडे विज्ञान प्रतिनिधी होते, राजधानीत तज्ज्ञ होते. आणि धोका दिसला तो कारखान्याच्या वस्तीत ये-जा असलेल्या लहान पत्राच्या माणसाला. विज्ञान लागतेच, ते नको असे मी म्हणत नाही. पण ते मागून शिकता येते. कामगार मेला हे कळण्याइतके जवळ असणे मात्र मागून शिकता येत नाही.

आणि आपल्याकडे लागणारे विज्ञान पुष्कळदा सरकारी कागदांतच पडलेले असते. रेतीचेच घ्या. वर्धा आणि वणा या नद्यांच्या काठच्या वार्ताहराने रेतीची बातमी केली नाही असा महिना जात नाही: इतके ट्रॅक्टर पकडले, इतका दंड, तहसीलदारांच्या पथकाला शिवीगाळ. ही पोलीस बातमी झाली. पण नदीपात्रातली रेती म्हणजे पाण्याची टाकी असते. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि उन्हाळाभर काठच्या विहिरींना हळूहळू देत राहते. कोणत्या घाटातून किती रेती काढता येईल हे जिल्हा सर्वेक्षण अहवालात लिहिलेले असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. लिलावाचे आकडे खनिकर्म शाखेत मिळतात. हे तीन कागद माहितीच्या अधिकारात मागवून शेजारी शेजारी ठेवले, आणि काठच्या गावात जाऊन विहिरीत किती दोर सोडावा लागतो हे विचारले, की ट्रॅक्टरच्या बातमीतून नदीची बातमी निघते. पावसाचेही तसेच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला की अतिवृष्टी मानतात. त्यावर पंचनामा आणि मदत ठरते. ‘पावसाने झोडपले’ असे दरवर्षी लिहिणाऱ्या वार्ताहराने आपल्या मंडळाचे वीस वर्षांचे आकडे एका वहीत उतरवून काढले, तर पावसाचे दिवस कमी झाले की वाढले, खंड किती दिवसांचे पडतात, हे त्याला स्वतःलाच दिसेल. याला प्रयोगशाळा लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि चिकाटी लागते.

दुसरा आक्षेप असा की स्थानिक माणूस फार जवळ असतो, म्हणून तटस्थ राहू शकत नाही. ज्याच्या स्वतःच्या वावरात डुकरे शिरतात तो वाघाबद्दल निःपक्षपणे काय लिहिणार? आक्षेपात तथ्य आहे. जवळीक डोळे आंधळे करते हेही खरेच: गावातला रेतीचा ठेकेदार पुष्कळदा गावातल्या गणेश मंडळाचा आश्रयदाता असतो. पण अंतरही डोळे आंधळे करते. दूरचा पत्रकार वाघिणीला नाव देतो आणि मेलेल्या गुराख्याला देत नाही. यावर उपाय स्थानिक माणसाला वगळणे हा नव्हे. त्याच्या बातमीत हितसंबंध उघड सांगण्याची शिस्त आणणे, विरुद्ध बाजूची माणसे त्याच वजनाने बोलती करणे, आणि संपादकाने बातमी परत पाठवून तीन नवे प्रश्न विचारणे हा आहे. गावातल्या पत्रकारावर एक अंकुश असा असतो जो शहरातल्यावर नसतो: चुकीचे लिहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्याला त्याच माणसांच्या समोर बसावे लागते.

तिसरा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो आणि तो मनापासून केलेला असतो. आधी कापसाला भाव द्या, मग पर्यावरणाचे बोलू. उपाशी माणसाला झाडे काय सांगता? या आक्षेपाचे मूळ आपल्याच पत्रकारितेत आहे. ५ जूनला मान्यवरांच्या हस्ते एक रोप लावल्याचा फोटो, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी, दिवाळीत फटाके टाळण्याचे आवाहन, एवढेच आपण पर्यावरण म्हणून छापत आलो, तर वाचकाने ते पोट भरलेल्यांचे प्रकरण का मानू नये? ही कामे चांगली आहेत, ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. आर्वी तालुक्यातले काकडदरा हे कोलाम आदिवासींचे डोंगरातले गाव २०१७ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिले आले. त्या गावाने श्रमदानाने बांध घातले, चर खणले ते निसर्गप्रेमाने नव्हे. पाणी नसले की मजुरीसाठी घर सोडावे लागते म्हणून. स्पर्धेच्या निकालाची बातमी सगळीकडे झाली. पण त्या गावात पाणलोटाचे काम स्पर्धेच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झाले होते, आणि बक्षिसानंतर त्या चरांत गाळ किती साचला, विहिरींना कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहिले, स्थलांतर खरेच थांबले का, या प्रश्नांसाठी दरवर्षी परत जावे लागते. दरवर्षी परत जाणे मुंबईच्या पत्रकाराला परवडणारे नाही. आर्वीच्या पत्रकाराला तो बसचा एक फेरा आहे. पत्रकार अनिल अग्रवाल यांनी चिपको आंदोलनाचे वार्तांकन करताना हेच ओळखले की जंगल हा हिमालयातल्या बायकांच्या चुलीचा आणि पाण्याचा प्रश्न आहे. पुढे १९८० साली त्यांनी विज्ञान आणि पर्यावरण केंद्र उभारले आणि १९८२ साली देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल काढला, तोही गरिबांच्या बाजूने. पोटाचा प्रश्न आणि पर्यावरणाचा प्रश्न वेगळे करता येतात हा समज सोयीचा आहे, आणि तो कुणाच्या सोयीचा आहे हे पत्रकाराने विचारले पाहिजे.

चौथा आक्षेप मात्र असा आहे की त्याला शब्दांनी उत्तर देता येत नाही. हे सगळे करणाऱ्या माणसाला पोसणार कोण आणि वाचवणार कोण? तालुका वार्ताहराला बहुधा पगार नसतो. थोडे मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन यांवर त्याचे घर चालते. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी तो ज्यांच्याकडे जाहिरात मागायला जातो त्यांत कृषी केंद्र असते, रेतीचा ठेकेदार असतो, कारखाना असतो आणि स्थानिक पुढारी असतो. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांच्याकडूनच जगायचे अशी ही रचना आहे, आणि ती तशीच ठेवून त्याला निर्भीड होण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. निर्भीड झाल्यावर काय होऊ शकते ते ६ फेब्रुवारी २०२३ ला कोकणातल्या राजापूरने पाहिले. बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीविषयी सातत्याने लिहिणारे शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रकरणात खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. ते कोण होते? राजधानीतले पर्यावरण प्रतिनिधी नव्हते. एका लहान वर्तमानपत्राचे तालुक्याच्या गावातले पत्रकार होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ सालीच कायदा केला होता. कायदा होता आणि माणूस गेला.

म्हणून या वाटेची चर्चा केवळ प्रशिक्षण शिबिरांपाशी थांबता कामा नये. कार्यशाळा हव्यात, वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, शिकवणाऱ्यांची वाण नाही. पण कामाचा दाम आणि बातमीमागे उभे राहणारे नाव हे त्याहून आधीचे आहे. बातमी लिहिणाऱ्याला जाहिरात गोळा करायला लावू नये, एवढी एकच गोष्ट एखाद्या वर्तमानपत्राने आपल्या एका जिल्ह्यापुरती केली तरी दोन वर्षांत त्या जिल्ह्याच्या पानाचा चेहरा बदलेल असे मला वाटते. धोक्याची बातमी एकट्या वार्ताहराच्या नावाने न छापता शेजारच्या दोन-तीन तालुक्यांच्या वार्ताहरांनी मिळून करावी आणि तिच्यावर जिल्ह्याच्या कार्यालयाचे नाव असावे. मग एकट्याला रस्त्यावर गाठण्यातून काही साधत नाही. आणि या कामात नाव कमावलेल्या पत्रकाराला बढती म्हणून नागपूर-मुंबईला बोलावणे थांबवले पाहिजे. पगार वाढवा, हुद्दा वाढवा, पण त्याला आर्वीत राहू द्या, हिंगणघाटला राहू द्या. आज आपल्याकडे वर चढणे म्हणजे गाव सोडणे असे समीकरण आहे. शिक्षकाला, डॉक्टरला आणि पत्रकारालाही. पर्यावरणाच्या बातमीला ते मारक आहे, कारण या बातमीचा पुरावा वर्षानुवर्षे एकाच जागी साठत जातो, आणि तो साठवणारा माणूस उठून गेला की वही कोरी होते.

भाषेबद्दल थोडे बोलले पाहिजे. परिसंस्था, जैवसाखळी, अनुकूलन हे शब्द मी वापरतो, तेही हवेत. पण कास्तकाराकडे वाफसा हा शब्द आहे, आणि जमिनीतल्या ओलीची इतकी नेमकी अवस्था सांगणारा दुसरा शब्द मला पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पऱ्हाटीवर लाल्या आला असे तो म्हणतो तेव्हा पान लाल पडण्यामागे झाडाची उपासमार आहे हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. धुऱ्यावरची बाभूळ कधी तुटली, पांदणीतला नाला कोणत्या साली आटायला लागला, हे त्याला तारखेने नव्हे पण नातवाच्या जन्मावरून, पोरीच्या लग्नावरून सांगता येते. ही साक्ष आहे. जैविक विविधता कायद्याखाली गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत ती उतरायला हवी होती. ज्या पत्रकाराला आपल्या गावाची नोंदवही कुठे आहे, कुणी भरली आणि तिच्यात काय लिहिले आहे हे माहीत नाही, त्याने उद्या ग्रामपंचायतीत जाऊन ती मागावी.

आणि एक कागद तर त्याच्या हातात न मागताच येतो. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी घ्यावयाच्या जनसुनावणीची सूचना २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. बारीक टायपातली, सरकारी मराठीतली, आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसांत लग्नाच्या आणि वारसाच्या नोटिसांशेजारी बसलेली ती चौकट ज्या अंकात येते, त्याच अंकाच्या दुसऱ्या एखाद्या पानावर तालुका वार्ताहराची बातमी असते. ती चौकट जाहिरात म्हणून आलेली असते, म्हणून ती बातमी आहे असे कोणाला वाटत नाही. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ठेवलेला असतो. पहिल्या आठवड्यात तो वाचून काढता येतो. दुसऱ्या आठवड्यात त्यात लिहिलेला नाला कोणता, त्याला गावात काय म्हणतात, त्यावर किती गुरे पाणी पितात, अहवालात पडीक म्हटलेल्या जमिनीवर कोण चारा कापते, हे पायी फिरून पाहता येते. तिसऱ्या आठवड्यात ते छापता येते, म्हणजे सुनावणीला जाणाऱ्या माणसाच्या हातात विचारायला काही प्रश्न असतील. चौथा आठवडा गावकऱ्यांचा. तो त्यांना पूर्ण मिळायचा असेल तर पहिले तीन वाया जाऊन चालत नाहीत, आणि ते मोजायला सुरुवात नोटीस छापून आल्याच्या सकाळीच करावी लागते.